नीना चित्र काढायला फ्रान्सला गेली

लंडनच्या स्टॅनमोरमध्ये नीना देवस्थळी माझी शेजारीण, आणि तीसेक वर्षांपासूनची मैत्रीण. आमच्या मराठी मंडळात तिची ओळख करून देताना कोणीही "एजवेअरला केमिस्टकडे काम करते" असं म्हणत नसे. "नीना आर्टिस्ट आहे" असंच म्हणत. मग आवाज थोडा खाली आणून, "मुंबईच्या आर्ट स्कूलला ॲडमिशन मिळाली होती, पण लग्न ठरलं."

लग्न संजयशी ठरलं होतं. त्याला इंग्लंडमधली नोकरी मिळाली होती आणि सासरच्यांना घाई होती. नीना एकविसाव्या वर्षी इकडे आली. पुढे वैभवी झाली, घराचे हप्ते आले, केमिस्टकडची नोकरी आली. चित्रं राहिली ती गणपतीच्या मागच्या पडद्यापुरती आणि दिवाळीच्या कार्डांपुरती.

संजय हे कधी विसरला नाही. रोज सकाळचा चहा तो करायचा. मागच्या अंगणात त्याने तिच्यासाठी काचेची खोली बांधून घेतली, उजेड चांगला यावा म्हणून. भांडण झालं की नीना एकच वाक्य बोलायची, "माझं काय गेलं ते तुला नाही कळायचं." भांडण तिथेच संपायचं.

नीनाच्या साठीला वैभवीने नेटवर शोधून फ्रान्समधल्या एका खेड्यातला चित्रकलेचा कोर्स बुक केला. "आई, आता तुझा टर्न. तुझा पेंटिंग लोकांनी बघायला पाहिजे," ती म्हणाली. इथेच जन्मलेल्या वैभवीच्या मराठीत पेंटिंग कायम पुल्लिंगी. नीना रडली. संजय म्हणाला, "मी फक्त बॅग उचलायला येतो."

सें-ओरेल नावाचं ते गाव नदीच्या वळणावर होतं. पिवळसर दगडाची घरं, अक्रोडाच्या बागा आणि मधोमध आठ-नऊशे वर्षांचं चर्च. चर्चच्या भिंतींवर संतांची चित्रं होती, काहींचे चेहरे पुसट झालेले, काहींचे नुसते हातच उरलेले. गावात शाळा उरली नव्हती, दुकान नव्हतं. पाव व्हॅनमधून यायचा. बंद पडलेल्या शाळेत ओदील नावाची एक म्हातारी चित्रकार राहायची. कोर्स तिचाच. सहा जण शिकायला आले होते.

पहिले दोन दिवस नीनाचे फोटोवर फोटो आले. "मीनाक्षी, इथला उजेड बघ गं!" मी सगळे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. नंतर फोटो थांबले.

काय झालं ते तिने परत आल्यावर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ओदीलने सगळ्यांना चर्चसमोर बसवलं. नीनाने मन लावून काम केलं. दगडन् दगड जागेवर आला, सावल्या बरोबर पडल्या. दुपारी सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली. नीनाच्या शेजारी एक बेल्जियन नर्स बसायची. तिने जन्मात ब्रश धरला नव्हता. तिचं चर्च एका बाजूला कललं होतं, आभाळ तर चक्क हिरवं होतं. पण बघणारा प्रत्येक जण तिथेच थांबत होता.

"मी पण तिथेच थांबले," नीना मला म्हणाली. "मग माझ्या चित्राकडे बघितलं. मेलेलं होतं गं ते."

तिने उरलेले दिवस खूप धडपड केली. रंग जाड लावून पाहिले, रेषा मुद्दाम वाकड्या काढल्या. जमलं नाही. शेवटी बाकीचे जेवायला गेल्यावर तिने ओदीलला गाठलं आणि इंग्रजीत सरळ विचारलं, "तेव्हा मी आर्ट स्कूलला गेले असते तर?"

ओदीलला इंग्रजी बेताचंच येत होतं. ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "तर तुम्ही आणखी नीट काढलं असतं." आणि पुढे जोडलं, "पण नीट तर तुम्ही आत्ताही काढता."

एवढंच. ती वाईट बोलली नव्हती. नीनाच्या खांद्यावर हात ठेवून ती आत गेली.

संजय नदीकाठच्या बाकावर बसला होता. दिवसभर अक्रोडाच्या बागांतून हिंडून आला होता, खुशीत होता. नीनाने त्याला सगळं सांगितलं.

"त्या बाईला काय कळतंय!" तो भडकला.

"तिला कळतं, संजय. आणि मलाही कळलं. तुझ्यामुळे माझं काहीच गेलं नाही. जायला काही नव्हतंच."

तिला वाटलं होतं, त्याला मोकळं वाटेल. पण त्याचा चेहरा पांढरा पडला. "असं नको म्हणूस," तो म्हणाला. "माझ्यामुळेच गेलं. मी तेव्हा एक वर्ष थांबायला हवं होतं. म्हण ना तसं." तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. नीनाने तसं म्हटलं नाही. समोर नदी होती, पाण्यावर पाकोळ्या उतरत होत्या, पलीकडच्या काठावर कोणीतरी गवत कापत होतं. इतकं सुंदर गाव तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तिथून कधी एकदा निघतो असं तिला झालं होतं.

परत आल्यावर वैभवीने विचारलं, "आई, फ्रान्सचा पेंटिंग दाखव ना." नीना म्हणाली, "तिथेच टाकून आले." वैभवीला वाटलं, आई गंमत करतेय.

गणपतीला पडदा रंगवायला नीनाने नाही म्हणून सांगितलं. मंडळातल्या समरने तयार छापील पडदा मागवला. लोकांना तो जास्तच आवडला, आणि हे त्यांनी नीनासमोरच बोलून दाखवलं.

नीना आणि संजयची भांडणं आता होत नाहीत. संजय सकाळी चहा करतो, पण स्वतःचा घेऊन समोरच्या खोलीत जातो. एकदा कचऱ्याचा बिन बाहेर काढताना भेटला तेव्हा मला म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं मला माहीत होतं मी या घरात कशासाठी आहे." मग बिन रस्त्याकडेला लावून आत गेला.

मागच्या आठवड्यात मी नीनाकडे गेले होते. धीर द्यावा म्हणून म्हटलं, "अगं, हौस म्हणून काढ. आर्टिस्टच असलं पाहिजे असं कुठे आहे?"

"हौस नव्हतीच गं मला," ती शांतपणे म्हणाली. "माझ्याकडे फक्त गमावलेलं काहीतरी होतं. त्याच्यावर मी जगले. आता मी केमिस्टकडे गोळ्या भरणारी बाई आहे, आणि ते दुकानही मार्चमध्ये बंद होतंय."

मी कप उचलून किचनमध्ये नेले आणि धुवत बसले.