सांध्याची रेघ

बहात्तर साली मी नगरच्या एका जुन्या वाचनालयात काम करत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी तोंडच उघडत नाही, म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसऱ्या स्थळाचा मुलगा नगरमध्येच नोकरीला होता. त्याची आई तिसगावहून आली ती घरी न येता थेट वाचनालयात.

“दिसभर काय करती गं हितं?”

मी समोरचा जाड खंड उघडला. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन साप्ताहिकातलं, जळत्या शहराचं पानभर चित्र होतं. बातमी शिळी होऊ नये म्हणून चित्र छापायच्या लाकडी ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला देत आणि मग जोडत, हे मी सांगितलं. जोडाची बारीक पांढरी रेघही दाखवली.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. “म्हंजी जावाजावांत वाटल्यालं काम. अन् सांधा कोन जुळवायचं?”

“एक मुख्य कारागीर असायचा.”

“म्हंजी सासू,” ती म्हणाली. मला हसू आवरलं नाही.

निघताना तिने विचारलं, “लगीन झाल्यावर बी हितं यायचं आसंल न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. वाचनालयात इतक्या मोठ्यांदा मी कधी बोलले नव्हते.