पुस्तकाला नापास केलं तेव्हा

बारावीला मी फिजिक्समध्ये नापास झाले, मग लग्न झालं आणि विक्रोळीच्या चाळीत आले. अंधेरीतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायचे. आतल्या मशीनवर काम करावं असं फार वाटायचं, पण त्यासाठी डिप्लोमा हवा आणि डिप्लोमासाठी बारावी सायन्स पास. शेवटी पस्तिशीला आल्यावर मी पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं.

सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, सोबत सोडवलेल्या उत्तरांचं जाड पुस्तक. प्रश्न वाचायचा, लगेच उत्तर बघायचं, मान डोलवायची. सगळं समजायचं. मग लॅबमधल्या एकीने सहज एक गणित विचारलं तर पहिली ओळसुद्धा सुचेना. वाट लागली म्हटलं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. तळकोकणातल्या माणगावकडच्या, शाळा चौथीपर्यंत. त्या उठल्या, उत्तरांचं पुस्तक उचललं आणि स्वतःच्या उशीखाली ठेवून दिलं.

"आधी पेपर लिव. मगे उत्तरा गावतली."

"आई, एकदाच बघते ना."

"नाय म्हटलंय मा!"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी घरात परीक्षा. टीव्ही बंद, मोबाइल त्यांच्याकडे, आणि त्या स्वतः दारात खुर्ची टाकून बसलेल्या. कोणी साखर मागायला आलं तरी बाहेरूनच परत. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी पेपर ओढून घ्यायच्या आणि मगच पुस्तक हातात द्यायच्या.

सुरुवातीचे पेपर बघून रडू आलं. पण ताडून बघता बघता लक्षात यायला लागलं की माझी गाडी नेमकी कुठे अडते. सूत्र आठवायचं, पण एकक लिहायचं राहायचं. आकृती काढायचे, बाणाची दिशा चुकायची. हळूहळू लाल खुणा कमी होत गेल्या.

एका रविवारी ताणलेल्या तारेचं गणित आलं. कंपनाची वारंवारता काढायची होती. मी सोडवलं, पुस्तक उघडलं, तर उत्तर भलतंच. पुन्हा केलं. माझं तेच आलं. चिडून पुस्तकातली एकेक पायरी तपासत गेले आणि हसायलाच लागले. तार पन्नास सेंटीमीटरची होती आणि पुस्तकाने पन्नास मीटर धरली होती!

"काय झाला गो?" सासूबाई आत आल्या.

"आई, पुस्तक चुकलंय. यांची तार आपल्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल."

"आणि तुझा?"

"माझं बरोबर आहे."

बोलले आणि माझंच मला नवल वाटलं. एवढ्या खात्रीने मी फिजिक्सबद्दल कधी बोलले नव्हते. सासूबाई मात्र तोवर गॅलरीत पोचल्या होत्या. "आमच्या सुनेन पुस्तकाक नापास केल्यान!" अख्ख्या मजल्याला कळलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये आजूबाजूला माझ्या निम्म्या वयाची मुलं. एकीने मला पर्यवेक्षक समजून जागा विचारली. पेपर हातात आला आणि एकदम शांत वाटलं. असल्या दुपारी मी किती काढल्या होत्या! वेळेआधी लिहून झालं, वर एकेक एकक तपासून झालं.

निकालाच्या दिवशी काउंटरवरच मोबाइल उघडला. फिजिक्समध्ये एक्क्याऐंशी. आतून टेक्निशियन धावत आल्या, इतकी मी ओरडले. घरी फोन लावला.

"आई, शंभरातले एक्क्याऐंशी!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. आणि मग, "वरचे एकोणीस खंय गेले?"

त्याच वर्षी मी डिप्लोमाला प्रवेश घेतला. पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही आपापल्याच बोटाला सुई टोचून रक्ताच्या थेंबाची काचपट्टी तयार केली. मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवत गेले, आणि धूसर गुलाबीतून एकाएकी माझ्याच रक्तातल्या गोल गोल पेशी लख्ख दिसल्या. मागची मुलगी म्हणाली, "ताई, झालं का? आम्हालाही बघू द्या ना." मी काही भिंगावरून डोळा हटवला नाही.