धाकटीची शिडाची बोट

राजेश्वरीताईंच्या ऑफिसात मी अकरा वर्षं विमानाची तिकिटं काढतोय. नव्या पेठेत पहिल्या मजल्यावर दोन टेबलं, एक प्रिंटर, बस्स. ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. मूळच्या मैंदर्गीच्या, लग्न केलेलं नाही. सोलापुरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी काशी-रामेश्वर घडवलंय आणि एकाचीही बीपीची गोळी चुकू दिलेली नाही. त्यांच्या कामात खोट सापडत नाही. म्हणूनच गेल्या मे महिन्यात त्यांनी जे केलं, ते बघून मी चक्रावलो.

मेच्या सुरुवातीला त्यांची धाकटी बहीण धनलक्ष्मी ऑफिसात आली. तिच्या सासरचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑगस्टमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती.

"अक्का, ते मोठं जहाज नको बाई. त्यात सगळं गाव असतंय," ती मोबाइल पुढं करत म्हणाली. "आपली आपली बोट पाहिजे. ही बघ, शिडाची. कप्तान त्यांचाच असतो. सकाळी एका बेटावर उठायचं, संध्याकाळी दुसऱ्या. थायलंडमध्ये."

ताईंनी फोटो बघितला. निळं पाणी, पांढरं शीड, पुढच्या टोकाशी पाय सोडून बसलेली एक बाई.

"किती जणं?"

"सात. केबिन चार. आणि बोट त्या फुकेतच्या बाजूनंच पाहिजे. कारखान्याच्या एका गिऱ्हाइकाची बायको तिथंच जाऊन आली."

ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "अनिलकुमार, पंखा वाढवा जरा." पंखा आधीच पाचवर होता.

प्रभु पाटलांचं, म्हणजे धनलक्ष्मीच्या नवऱ्याचं स्थळ मुळात राजेश्वरीताईंसाठी आलं होतं. हे मला ताईंच्या अव्वांनी, म्हणजे आईनं, सांगितलेलं. ताई पाटावर बसल्या, विचारलं त्याची उत्तरं दिली. चहा घेऊन धाकटी बाहेर आली आणि आठ दिवसांनी निरोप आला, की धाकटी चालेल. ताईंनी बहिणीच्या लग्नात अडीचशे पानं वाढली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला त्या नको म्हणत गेल्या.

आता त्याच लग्नाच्या वाढदिवसाची बोट त्यांनाच ठरवायची होती. त्यांनी कामाला हात घातला तो इतक्या ईर्षेनं, की मला भीती वाटली. दोन आठवड्यांत त्यांना कुठलं शीड कधी उतरवतात, नुसती बोट मिळते की कप्तानासह, पाण्याची टाकी किती दिवस पुरते, सगळं पाठ झालं. खाली जोडीनं दोन सांगाडे असलेली कॅटमरान बोट कमी डोलते, हे त्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं मला सांगत. मध्येच थांबून म्हणत, "धनूला काय कळणार आहे यातलं? ती नुसती फोटो काढत बसेल."

मग बोटवाल्यांची मेल आली. आमचा मेलचा पत्ता एकच असल्यामुळं मीही ती वाचली. ऑगस्टमध्ये त्या किनाऱ्यावर पावसाळी वारं असतं, समुद्र खवळलेला असतो, तुम्हाला हवी असलेली बाहेरची बेटं बंद असतात. जानेवारीत या, नाहीतर पूर्वेच्या किनाऱ्यावरून बोट घ्या, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं.

"ताई, धनूताईंना कळवायचं ना?"

"बघू."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी धनलक्ष्मीचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर ठेवला. "अक्का, चौथ्या केबिनमध्ये सासूबाई एकट्याच हायत. तू चल की. त्यांना सोबत होईल, आणि तुझ्या हातचं जेवण म्हणजे आमाला काळजी न्हाय."

"ऑफिस कोण बघणार?" ताई शांतपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी फुकेतच्या बोटीचा फॉर्म उघडला आणि ऑगस्टची तारीख भरली.

"ताई, अहो ती मेल..."

"तुमची तिकिटं बघा तुम्ही."

फॉर्म पाठवायचा राहिला, कारण तेवढ्यात स्वतः प्रभु पाटील जिना चढून आले. पासपोर्टच्या झेरॉक्स द्यायच्या होत्या. पाणी प्यायले, घाम पुसला, मोकळेपणानं गप्पा मारायला लागले.

"पंचवीस वर्षं कशी गेली कळलं न्हाय बघा अक्का. मैंदर्गीला धनूला बघायला आलो होतो, कालच्यासारखं आठवतंय. त्या दिवशी तुम्ही घरात होता का हो? मला काही आठवत न्हाय."

ताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "होते," त्या म्हणाल्या.

"व्हय का?" पाटील हसले, झेरॉक्स ठेवल्या आणि गेले.

 मी चहा सांगितला, तो ताईंच्या पुढ्यात निवला. शेवटी त्यांनी स्पीकरवरच बहिणीला फोन लावला.

"धनू, ऑगस्टात तिकडं जायचं न्हाय. समुद्र वाईट असतो. पूर्वेकडून बोट घेऊ, तिथं त्या दिवसांत बरं असतं. आणि ऐक. ही मेल येऊन चार दिवस झाले. मी दाबून ठेवली होती."

"का गं?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून. पंचवीस वर्षं वाटतोय."

 धनलक्ष्मी म्हणाली, "मला काय ठाऊक न्हाय व्हय? माझं किती बरं चाललंय ते दाखवायलाच आले होते मी तुझ्याकडं. सोलापुरात काय दुसरे एजंट मिळत न्हाईत? घरात काही बिघडलं की सासूबाई अजून म्हणतात, थोरली केली असती तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षं ऐकतीय मी."

दोघीही रडल्या नाहीत. ताईंनी विचारलं, "जेवणात कांदा-लसूण चालेल का?" आणि यादी पुढं चालू झाली.

ऑगस्टमध्ये पाटील मंडळी पूर्वेच्या किनाऱ्यावरून बोटीत चढली. ताईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे बांधून दिले होते. रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या त्या तिकडचं वारं बघत. "आज चांगलं आहे," असं म्हणताना त्यांचा आवाज जरासा पडायचा. तिसऱ्या दिवशी धनलक्ष्मीचा निरोप आला, की तिला बोट लागलीय, दोन दिवस नुसत्या ओकाऱ्या.

मला वाटलं, ताईंना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "मला त्याचासुद्धा हेवा वाटतोय, अनिलकुमार. बोट लागायलासुद्धा बोटीत जावं लागतं."

दसरा झाल्यावर एका दुपारी त्यांनी मला तिकीट काढायला सांगितलं. जानेवारीत, फुकेत, एकच. चार अनोळखी लोकांच्या बोटीत एक केबिन मिळत होती, ती त्यांनी आधीच घेतली होती. 

संध्याकाळी धनलक्ष्मीला कुठून तरी कळलं. तिचा फोन ताईंनी स्पीकरवर घेतला तेव्हा मी शटरच्या किल्ल्या शोधत होतो.

"अक्का, एकटीच चाललीस? मी येऊ का गं?"

"नको," ताई म्हणाल्या. "मला एकटीलाच जायचंय."

पलीकडून धनलक्ष्मी अजून काहीतरी विचारत होती, कुठली बेटं, किती दिवस. ताई खुर्चीत मागं रेलल्या आणि एकेक बेट नावानिशी सांगायला लागल्या, अगदी सावकाश.