डावीकडचा अ

सुताराची आणि बाईंची ओळख झाली ती भांडणातून. शाळेने फळ्यासाठी मोठा लाकडी गुण्या करायला सांगितला होता आणि सुताराने तो ऐटीत नेऊन दिला. भूमिती शिकवणाऱ्या नव्या बाईंनी तो फळ्याच्या खालच्या पट्टीला टेकवून एक उभी रेघ ओढली, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा वरच्या टोकाला केसभर फाकल्या. "हा काटकोन नाही," बाई म्हणाल्या. सुताराचा पारा चढला. बापजाद्यांपासून लाकडात हात, आणि ही कालची पोर आपल्याला काटकोन शिकवणार. पण घरी येऊन त्याने स्वतःच्या हत्यारांतला गुण्या तसाच पालथा करून पाहिला, तर तोही फाकला. दुरुस्तीच्या निमित्ताने तो मग इतक्यांदा शाळेत गेला की शिपाई त्याला पाहून हसायला लागला. पुढच्या वर्षी लग्न झालं.

बाईंनी तीस वर्षं पाचवीला भूमितीची सुरुवात शिकवली. बिंदूला जागा असते, आकार नसतो. रेषेला शेवट नसतो. रेषाखंडाला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना नाव द्यावं लागतं, एक अ, एक ब. नाव विसरलात तर गुण विसरा. डोळ्यांना बरोबर वाटलं म्हणून बरोबर असं बाईंकडे चालत नसे, दोऱ्याने नाहीतर कंपासने पडताळून दाखवावं लागे. पोरं त्यांना मागून 'पडताळाबाई' म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. सुतारही त्यांच्या हाताखाली इतका तयार झाला होता की गिऱ्हाइकाच्या फळीवरसुद्धा टोकांना अ आणि ब लिहून मोकळा व्हायचा.

गेल्या हिवाळ्यात वर्ग चालू असतानाच बाई मटकन खाली बसल्या. मेंदूतली एक शीर तुंबली होती. वाचा शाबूत राहिली, बुद्धी तर पहिल्यासारखीच धारदार. फक्त डावा हात लुळा पडला आणि पाय ओढत चालणं आलं. डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ काढून मधोमध खूण करायला सांगितली. बाईंनी खूण केली ती पार उजवीकडे.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टर सुताराला बाहेर घेऊन म्हणाले. "पण डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. समजावून फार उपयोग होत नाही."

बाईंना विचाराल तर डॉक्टरांची रेघच धड नव्हती. पण घरी ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राही. केस उजव्या बाजूनेच विंचरलेले असत. आणि तीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून जेवणाऱ्या नवऱ्याला त्या म्हणत, "हल्ली तुम्ही माझ्याबरोबर जेवायला बसत नाही."

"बसतो की," तो म्हणे.

त्यांना वर्ग परत हवा होता. बाकी काही नको होतं. शाळा उघडायला दोन महिने होते आणि मोठ्या बाईंनी जागा राखून ठेवली होती. "मला रोज एक रेषाखंड द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मध्यबिंदू बरोबर आला तरच मी जाईन. चुकीचं शिकवायला मला जायचं नाही."

सुताराने हातभर लांबीच्या लाकडी पट्ट्या तासल्या. प्रत्येकीवर टोकापासून टोकापर्यंत पेन्सिलीची रेघ, डावीकडे अ, उजवीकडे ब. पहिल्या दिवशी बाईंनी खूण केली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. खूण उजवीकडे चार बोटं सरकलेली होती. वर्गातल्या हुशार मुलीसारखा त्यांचा चेहरा उत्सुक होता, आणि त्या चेहऱ्याला नाही म्हणणं सुताराला जमलं नाही.

"नीट मोजून आणतो," म्हणत तो घराशेजारच्या आपल्या कारखान्यात गेला. नुसतं बरोबर म्हणून भागणार नव्हतं, पडताळा लागणार होता. त्याने पट्टी लाकूड पकडायच्या शेगड्यात आवळली आणि डावीकडचं जास्तीचं लाकूड करवतीने उतरवून टाकलं. घरात आणून दोघांनी दोरा लावला: ब पासून खुणेपर्यंत जेवढा, तेवढाच खुणेपासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग ते रोजचंच झालं. जन्मभर ज्याने लाकूड सरळ कापलं, तो रोज सकाळी इमानेइतबारे खोटं कापू लागला. आज ना उद्या सुधारेल, तोवर धीर खचू नये, अशी तो मनाची समजूत घाली. बाई पाठाची टिपणं काढत होत्या, खडू मागवत होत्या. शाळा आठवड्यावर आली, आणि खूण अजून चार बोटं लांबच पडत होती.

त्या दिवशी सुतार गिऱ्हाइकाकडे गेला होता. बाई उजव्या हाताने भिंत धरत आजारानंतर पहिल्यांदाच कारखान्यात आल्या. दाराच्या उजवीकडे तुकड्यांची पेटी होती. एक तुकडा त्यांनी उचलला. त्यावर पेन्सिलीची रेघ होती आणि टोकाला अ. दुसरा उचलला, त्यावरही अ. पेटीत सगळे अ होते.

सुतार परतला तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या.

"आजची पट्टी आणा."

त्याने आणली. बाईंनी तुकडा हातात घेतला आणि बोटांनी चाचपत, मान मुद्दाम वळवत वळवत, पट्टीच्या डाव्या टोकाला नेऊन भिडवला. रेघेला रेघ जुळली.

"आता दोरा धरा."

ब पर्यंत मोजलेला दोरा खुणेपासून डावीकडे निघाला आणि आठ बोटं आधीच संपला. पुढे राहिलेल्या रेघेवरून बाईंनी बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"एवढं सगळं होतं इथे," त्या म्हणाल्या. "आणि मला बरोबर वाटत होतं."

"माझं चुकलं," सुतार म्हणाला. "तुझा चेहरा बघवला नाही गं."

"मी कुणाला कधी एक गुण वाढवून दिला नाही. तुम्ही मला दोन महिने पास करत होता." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या रडत होत्या आणि सुताराने त्यांना असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवायला कुठे बसता?"

"तुझ्या डाव्या हाताला. नेहमीसारखा."

"रोज?"

"रोज."

बाईंनी डोळे पुसले आणि कागद मागितला. शाळेला लिहायचं होतं. चार ओळी झाल्या: प्रकृतीमुळे वर्ग घेता येणार नाही, जागा भरून घ्यावी, वर्गातल्या माझ्या पेटीत दोरा आहे तो मुलांना द्यावा. सगळ्या ओळी कागदाच्या मध्यापासून सुरू होत होत्या. डावा अर्धा कोराच होता.

सुताराने सवयीने कात्री उचलली.

बाईंनी आवाजावरूनच ओळखलं. "कापू नका," त्या म्हणाल्या. "आहे तसा जाऊ दे."

त्याने कात्री खाली ठेवली आणि कागदाचं टोक टोकाला जुळवून घडी घातली. घडी बरोबर तिथेच पडली, जिथून बाईंची अक्षरं सुरू होत होती.