रॅल्फचा पांढरा भूर्ज

आमच्या समोरची ग्वेंडा दर फेब्रुवारीत झाडाला आंघोळ घालते. कोमट पाणी, मऊ स्पंज, साबण अजिबात नाही. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या या गावात पंचवीस वर्षं काढूनही मला त्या आंघोळीची गंमत वाटतेच. शेवाळ धुतलं की भूर्जाचं खोड खुलतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ग्वेंडाचा भूर्ज मात्र धुवून धुवून तपकिरीच.

तो तिच्या नवऱ्याने, रॅल्फने, सात वर्षांपूर्वी लावला. "साल सुटत जाईल आणि दुधासारखा पांढरा होईल," असं गावभर सांगत सुटला होता बिचारा. दोन वर्षांनी, गावातल्या बागा सगळ्यांना खुल्या असतात त्या रविवारी, त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह भर गर्दीत म्हणाला, "रॅल्फ, नर्सरीवाल्याने तुला झाडूचा दांडा विकला रे!" सगळे खो खो हसले. रॅल्फने भावाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पुढच्या हिवाळ्यात रॅल्फ गेला.

तेव्हापासून रॅल्फ खरा ठरतो की खोटा, याची ग्वेंडा वाट बघत होती. सालीला बोट म्हणून लावू द्यायची नाही. वेळेआधी ओढली तर तिथे काळा डाग राहतो. मला कुठला धीर!

"एकच टोक उचलून बघूया ना," मी म्हटलं.

"आधी स्वतःच्या गुडघ्याची खपली काढ," ती फणकारली.

परवा आंघोळ चालू असताना सालीची एक सुरळी आपसूक सुटली आणि बादलीत पडली. खाली पांढरंशुभ्र! मी ओरडलेच. ग्वेंडाने हात पुसले आणि सरळ क्लाइव्हला फोन लावला.

तो आला, बघत राहिला, मग हळूच बोट पुढे केलं. ग्वेंडाने त्यावर चापटी मारली.

"काय रे, झाडूचा दांडा ना?"

"रॅल्फचं खरं होतं," तो पुटपुटला.

"मला काय सांगतोस? त्याला जाऊन सांग." तिने चर्चमागच्या कबरींकडे हात केला.

क्लाइव्ह टोपी हातात फिरवत उभा राहिला. "एकट्याने जायचा धीर होत नाही गं."

ग्वेंडाचा राग कुठल्या कुठे गेला. बादलीतली सुरळी उचलून तिने एप्रनच्या खिशात ठेवली.

"चल, मी येते. मलाही सांगायचंय त्याला. त्या दिवशी मीही हसले होते."