संगमरवरी बाईची उत्तरपूजा

ग्रीस देशाचं मीठ कधी खाल्लेलं नाही आणि तरीही त्या देशाशी जन्मभर इमान राखून आहेत, असे गृहस्थ अख्ख्या आखातात एकच. ते माझे थोरले साडू आहेत, हे मी छाती फुगवून सांगतो.

राहतात शारजाला, अल मजाजमध्ये. नोकरी एसीच्या डक्टचा अंदाजखर्च काढण्याची. पण ग्रीसची प्राचीन शिल्पं परदेशी संग्रहालयांतून मायदेशी जावीत, हा त्यांचा ध्यास. कुणाच्या बारशाला गेले तरी पाळण्याशेजारी उभं राहून सुरू होतात, "एकाच देवळाची शिल्पं, अर्धी या देशात, अर्धी त्या देशात! मी डक्ट असा बसवला तर क्लायंट मला साइटवर उभा करील का?" दर रविवारी आंघोळ करून ते संग्रहालयांना मेल पाठवतात. कधीतरी उत्तर येतं, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. साडू ते सगळ्यांना वाचून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, नाही म्हणालेले नाहीत!" मेहुणी एकदा वैतागून म्हणाली, "मुलुंडच्या फ्लॅटचा ताबा मिळत नाही, त्यासाठी एक मेल करवत नाही तुम्हाला." त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "तो आपला आहे गं, थांबेल. हे दुसऱ्याचं आहे."

गेल्या वर्षी अबुधाबीच्या एका प्रदर्शनात परदेशी संग्रहालयाकडून एक ग्रीक देवी पाहुणी आली होती. दोन्ही हात तुटलेले, चेहरा मात्र आत्ता बोलेल असा. साडू, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी बघायला गेलो. साडू तिच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी खिशातून अक्षता काढल्या, गणपतीच्या उत्तरपूजेला म्हणतात तो स्वस्थानी परत जाण्याचा मंत्र खणखणीत म्हटला आणि अक्षता देवीवर टाकल्या!

गार्ड धावत आला. "अंकल, ये क्या फेंका?"

"चावल, बेटा. इनको घर भेज रहा हूँ."

त्याने साहेबांना बोलावलं. अबाया घातलेल्या एक तरुण अधिकारी बाई आल्या. साडूंची नोकरी, व्हिसा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. जन्मभर "बाबा, नॉट अगेन" म्हणत आलेली ती मुलगी तेवढ्यात पुढे झाली. "मॅडम, इट्स अवर कस्टम. माय फादर वॉन्ट्स हर टू गो होम. हर ओन होम."

अधिकारी बाईंनी एकदा मूर्तीकडे पाहिलं. "खलास, नो मोर राइस," त्या म्हणाल्या आणि साडूंकडे वळून हळूच पुटपुटल्या, "इन्शाल्ला, अंकल." आजवर आलेल्या उत्तरांत साडूंना हेच सगळ्यात अधिकृत वाटलं. मग बापलेक गुडघ्यांवर बसून तांदूळ वेचू लागले. त्या दोघांचा मला इतका अभिमान वाटला की मीही खाली बसलो.

प्रदर्शन संपलं. देवी गेली, पण ग्रीसला नाही, जिथून आली होती त्याच संग्रहालयात. मी साडूंच्या घरी गेलो होतो तेव्हा मुलीने फोनवर ती बातमी वाचून दाखवली. साडू म्हणाले, "जागेवरून हलली तर आहे." पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने ते कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. मुलगी मागे उभी राहून वाचत होती. "बाबा, यू आर टू पोलाइट. लेट मी राइट."

साडू उठले आणि त्यांनी खुर्ची तिला दिली. त्यांच्या हयातीत देवी घरी पोचेल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं. ती लिहीत होती, आणि ते शेजारी उभे राहून तिला संग्रहालयाचा पत्ता तोंडपाठ सांगत होते.