आरशामागची आत्या

माझी आत्या कुठे कामाला आहे, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "आरशात." लोक हसायचे. पण यात थाप फार तर वीतभर होती.

टीव्हीवरचा तो कार्यक्रम तुम्हाला माहीतच असेल. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, भिंतीभिंतीला कॅमेरे लावायचे आणि दर आठवड्याला एकाला बाहेर काढायचं. त्या घरातला आरसा आतून आरसा, मागून नुसती काच. काचेमागे अंधारा बोळ. तिथे काळे कपडे घालून, अनवाणी पायांनी आत्या कॅमेरा सरकवत असे. अगदी पहिल्या पर्वापासून.

बोळात खोकायचं नाही, शिंकायचं नाही. ही सवय तिने घरीही आणली. स्वयंपाकघरात कधी येऊन उभी राहायची, पत्ता लागत नसे. आईच्या हातून फुटलेले निम्मे कप तिच्याच खात्यावर.

"वन्सं, निदान खाकरत तरी जा!"

"सुट्टीच्या दिवशी खाकरेन, वहिनी."

लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "रोज इतकी माणसं माझ्या डोळ्यांत डोळे घालून भांग पाडतात. वर आणखी नवरा कशाला?"

यंदा त्या घरात एक घड्याळजी आले. पन्नाशीचे, विधुर, कमी बोलणारे. आणि आत घड्याळ ठेवायलाच बंदी! दाढी करताना ते आरशाला अंदाज सांगत, "सात झाले असतील." आत्या मनगटावर पाही आणि अंधारात हसे. घरी आल्यावर त्यांच्याबद्दल इतकं सांगे की आई आणि मी एकमेकांकडे बघू लागलो.

मग कार्यक्रमवाल्यांना गंमत सुचली. त्यांनी आतल्या दिव्यांचा क्रमच उलटापालटा केला. सकाळी तिन्हीसांज, दुपारी कोवळं ऊन. घड्याळजी चुकू लागले. "काका, चावी द्या स्वतःला!" असं बाकीचे चिडवू लागले. एकदा ते गालाला फेस लावून नुसतेच उभे राहिले. आत्या म्हणते, तो चेहरा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसत होता.

"संध्याकाळ आहे का?" त्यांनी आरशाला हळूच विचारलं. "की मीच बिघडलो?" मग बऱ्याच वेळाने, "सकाळ?"

आत्याने काचेवर नख वाजवलं. टक.

ते दचकले. "आठ?"

टक.

घड्याळजींनी शीळ घालत दाढी उरकली.

आवाज टिपणाऱ्याच्या कानात ते टक पोचलंच. साहेबांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. "उंदीर असेल," कुणीतरी सुचवलं. "उंदीर नाही, मी," आत्या म्हणाली. नोकरी गेली.

मग ती सोफ्यावर बसून टीव्हीवर त्यांना बघायची. रोज ते आरशाला वेळ विचारत, कान देऊन थांबत आणि दाढीला लागत. एकदा म्हणाले, "भासच झाला असणार. वयच झालं."

आत्याने टीव्ही बंद केला. "ऐकलंस? स्वतःला वेडा समजतोय माणूस. बाहेर आले की सांगायलाच हवं."

ते बाहेर पडले त्या दुपारी मीच तिला स्कूटरवरून नेलं. फाटकापाशी ही गर्दी, फुलं, फलक. घड्याळजी डोळे किलकिले करत, झोपेत चालल्यासारखे आले. मी आत्याला पुढे ढकललं.

"अगं बोल ना! इथे शिंकलीस तरी चालेल."

ते पुढे निघून चालले होते. आत्या कशीबशी म्हणाली, "भास नव्हता तो. काचेवर मी वाजवलं होतं."

ते थांबले. वळले. गर्दी बाजूला सारत अगदी समोर येऊन उभे राहिले आणि तिच्याकडे टक लावून बघू लागले. इतकी वर्षं शेकडो माणसांनी डोळ्यांत पाहिलं तरी न हललेली माझी आत्या चक्क जमिनीकडे बघायला लागली.

"वर बघा की जरा," घड्याळजी म्हणाले. "तुम्ही मला पुष्कळ पाहिलंत. आता मलाही पाहू द्या."